काचेवरचं वाळवण

गच्चीवर पाऊल टाकलं की काकू आधी उजवा हात पुढे करायच्या. तळवा खाली, बोटं फाकलेली, कठड्यापासून वीतभर वर. मग कठड्यावर पडलेल्या त्या हाताच्या सावलीकडे बघायच्या. बोटांच्या कडा पुसट दिसल्या तर "अजून कच्चं हाय" म्हणून परत फिरायच्या. कडा नीट कापल्यासारख्या दिसल्या की पदर खोचायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणायच्या, "चल, कामाला लाग. ऊन वाया घालवू न्हाई रं."

समोर बहुतेक वेळा मीच असायचो. विश्रामबागेतल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, आणि काकू आमच्या समोरच्या दारात राहायच्या. बिल्डिंग जुनी, रंग उडालेली, पण लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते. बांधणाऱ्याने असं का केलं कुणास ठाऊक, पण आमचं तेवढंच एक वैभव. काकूंना तुम्ही पाहिलं नसलं तरी ओळखाल. प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक बाई अशी असते, जिला गच्ची म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचाच भाग वाटते, आणि हळूहळू बाकीच्यांनाही ते पटतं. चादर वाळत घालायची असली तरी आम्ही आधी काकूंना विचारायचो.

त्यांचं माहेर जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाला लागून. सगळा संसार सांगलीत झाला तरी बोली तिकडचीच राहिली होती. बहिणीशी फोनवर कानडीत बोलायच्या, आणि ऊन फारच चढलं की 'बिसलु, बिसलु' असं उन्हाचं कानडी नाव स्वतःशीच पुटपुटायच्या. लहानपणी गावात टँकर आला की बायका ओळीने उभ्या राहायच्या आणि भरलेल्या घागरी हातोहात घरापर्यंत जायच्या, हे त्या नेहमी सांगायच्या. परकर नेसायच्या वयापासून त्या ओळीत उभ्या होत्या. पाणी सांडलं की आईचा धपाटा पाठीत बसायचा. त्यामुळे ऊन वाया घालवायचं नाही आणि पाणी ओतून द्यायचं नाही, ही दोन कलमं त्यांच्या अंगात मुरली होती. कुरडईसाठी भिजवलेल्या गव्हाचं पाणीसुद्धा त्या खाली नेऊन झाडांना घालायच्या.

माझा धंदा सोलरचा. पॅनेलं बसवण्याचा नाही, बिघडलेली दुरुस्त करण्याचा. जत, आटपाडी, कवठ्याकडे शेतात सोलरवरचे पंप बसले आहेत, त्यांच्यामागे माझे दिवस जातात. त्यामुळे मला उन्हातलं कळतं असा लोकांचा समज आहे. काकूंचा तसा समज नव्हता. माझ्या मीटरमध्ये काय दिसतं ते ऐकून घ्यायच्या आणि मग आपला हात पुढे करून खात्री करायच्या.

त्यांचे यजमान शाळेत कवायतीचे सर होते. सारी बिल्डिंग त्यांना सरच म्हणते, काकूही सरच म्हणायच्या. एका शिट्टीत अख्खी शाळा ओळीत उभी करणारा माणूस. निवृत्त झाले आणि पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. काकूंनी भरवलेला घास तोंडात तसाच राहायचा. साताऱ्याला दिलेली त्यांची मुलगी यायची, दोन दिवस राहायची, डोळे पुसत परत जायची. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर हा माणूस असाच विझत जाईल.

काकूंनी त्यांना वाळवणात गुंतवलं. एका चैत्रात त्यांनी सरांना चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टने गच्चीवर नेलं, पापड्यांच्या शेजारी ठेवलं आणि चांगल्या हातात काळं फडकं बांधलेली काठी दिली. थोड्या वेळाने कावळा आला. सर आधी त्याच्याकडे नुसते बघत राहिले, आणि मग त्यांनी काठी उचलली. त्या संध्याकाळी सरांनी एक अख्खी भाकरी खाल्ली. काकूंनी आमच्या दारात येऊन ते सांगितलं, आणि सांगताना त्यांना रडू आवरेना.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या छतावर सरांची काठी वाजायची. टक् टक्, टक् टक्, कवायतीच्या चालीवर. कावळा जवळ आला की सर काठी आपटायचे, आणि काकू हातातलं काम न सोडता, मान न वळवता म्हणायच्या, "हाणा, हाणा." आम्ही खाली जेवत असलो तरी हे दोन्ही ऐकू यायचं. माझी बायको म्हणायची, घड्याळ नसलं तरी चालेल, सर बसले म्हणजे दुपार झाली.

मग गच्चीवर सोलर आलं. सोसायटीची बैठक झाली, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. बसवणारी कंपनी बाहेरची होती. त्यांनी दक्षिणेकडची सगळी मोकळी जागा धरली, कारण ऊन तिथेच. काकूंचं वाळवणही तिथेच असायचं. उरलं काय, तर पाण्याच्या टाक्या, त्यांच्या सावल्या आणि मधली चिंचोळी वाट. काकू जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "ऊन सगळ्यांचं व्हतं. आता कंपनीचं झालं, व्हय?"

पॅनेलांचा सांगाडा लोखंडी होता. पुढची कड छातीएवढी, मागची डोक्याच्या वर. त्याखाली ऐसपैस सावली झाली, आणि आपल्याकडे मोकळी सावली कोणी रिकामी ठेवत नाही. सोसायटीच्या जुन्या गाद्या, गणपतीच्या मंडपाचं कापड, बांबू, सगळं हळूहळू तिथे जमा झालं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पॅनेलं किती वीज करतात ते मोबाइलवर दिसतं. सकाळी आलेख छान चढायचा आणि बरोबर ऐन उन्हात, जेव्हा तो सगळ्यात वर हवा, तेव्हा दबायचा. संध्याकाळी पुन्हा ठीक. ढग नाही, धूळ नाही. एका रविवारी दुपारी मी बघायला वर गेलो.

पुढच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या पॅनेलवर ओली सुती साडी दुहेरी करून ताणलेली होती, कडांना कपड्यांचे चिमटे, आणि त्यावर ज्वारीच्या पापड्या ओळीने घातलेल्या. त्याच पॅनेलच्या खाली, सावलीत, सर खुर्चीत बसले होते. वरून काचेवर कावळ्याच्या नखांचा आवाज आला की खालून काठीने लोखंडी पायावर वाजवायचे. दोघंही अगदी सुखात होती. काकू मला बघून म्हणाल्या की काच स्वच्छ आहे, तापते चांगली आणि खाली सरांना सावलीही मिळते, एवढं चांगलं काही कंपनीच्या डोक्यात आलं नसेल.

मला आधी हसू आलं, मग खालच्या गाद्या दिसल्या. मी त्यांना त्यांच्याच टँकरच्या ओळीची गोष्ट सांगितली. ही सगळी पॅनेलं एकामागे एक जोडलेली आहेत, त्यांच्यातून वीज हातोहात पुढे जाते, घागरींसारखी. एक बाई खाली बसली तर सगळी ओळ अडते. तुम्ही एका पॅनेलचं तोंड झाकता आणि सगळ्यांचं काम मंदावतं.

काकूंनी विचारलं, "आन् त्या बसल्याल्या बाईचं काय व्हतं?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, तीच तर भीती आहे. मागच्या बायका थांबत नाहीत, घागरी येतच राहतात आणि तिच्या अंगावर साचतात. झाकलेला भाग वीज करायची सोडून बाकीच्यांची वीज गिळतो आणि तापतो. तसं होऊ नये म्हणून पॅनेलच्या पाठीवरच्या काळ्या डबीत विजेला वळसा घालून जायला पायवाट ठेवलेली असते. पण ती अडीअडचणीची. रोज भर उन्हात सगळी ये-जा तिच्यावरून झाली तर ती एक दिवस जळते. जतकडे एका शेतात मी ते पाहिलं होतं. कोणीतरी पॅनेलवर पोती वाळत घातली होती आणि खाली कडबा रचला होता. आम्ही पोचलो तेव्हा कडब्याची राख झाली होती आणि उरलेली पॅनेलं वर शांतपणे वीज करत होती. त्यांना बंद करायचं बटणच नसतं. खालचा स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर वरच्या तारा जिवंत असतात, ओल्या हाताने जवळ जायची सोय नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वळीत बसायचं न्हाई, एवडं कळतं मला." आणि त्यांनी चिमटे काढले. मी स्वतःवर खूश होऊन खाली आलो.

त्यानंतर काही दिवस छतावरचं टक् टक् थांबलं. मोबाइलवरचा आलेख भर दुपारी ताठ उभा राहिला. पण समोरच्या घरात सर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. टाक्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत काकूंनी वाळवण घालून पाहिलं. तिथे खुर्ची मावेना, सावली मिळेना, आणि टाक्यांच्या सावलीत पापड्यांना वास यायला लागला. मुलगी साताऱ्याहून फोन करायची तेव्हा काकू दार लोटून बोलायच्या.

मग एकदा मी कामाला निघालो असताना त्या जिन्यात थांबल्या होत्या. हातात काही नव्हतं, हेच मला विचित्र वाटलं. म्हणाल्या, "पापडासाठी न्हाई रं बाबा. पापड काय दुकानात मिळत्यात. ह्यांना राखायला कायतरी पायजे. राखण गेली की माणूस जातंय."

मी विचार करतो म्हणालो आणि आटपाडीला गेलो. त्यांना माझ्या विचाराची गरज नव्हती. संध्याकाळी बायकोने सांगितलं की दुपारी टक् टक् ऐकू आलं.

मी चिडलो, हे खरं. पुढच्या सुट्टीला मी उष्णता दाखवणारा कॅमेरा वर नेला. त्यात थंड भाग निळा दिसतो आणि तापलेला लाल. शब्दांनी पटत नाही तर डोळ्यांनी पटेल असं मला वाटलं. साडी बाजूला करून मी काकूंना पडदा दाखवला. सगळी ओळ एकसारखी पिवळी होती आणि कोपऱ्यातल्या पॅनेलच्या खालच्या भागात एक तांबडालाल ठिपका होता, हाताच्या पंजाएवढा. काचेवर त्या जागी तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा तपकिरी डाग उमटला होता.

काकू पडद्याकडे निरखून बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "तरीच," त्या म्हणाल्या. "हितल्या पापड्या एका उन्हात खणखणीत व्हत्यात. मला वाटायचं माझाच भास हाय."

त्या दिवसापासून त्या मुद्दाम त्याच जागी पहिली पापडी घालू लागल्या. मी भीती दाखवायला गेलो आणि त्यांना गच्चीवरची सगळ्यात चांगली जागा दाखवून आलो. त्या जागेवरच्या पापड्यांच्या पाठीला बदामी डाग पडायचा, आणि तळल्यावर त्या अशा फुलायच्या की बिल्डिंगमध्ये त्यांना मागणी आली. "त्या काचेवरच्या द्या" असं बायका काकूंना सांगून ठेवायच्या. आमच्याही डब्यात होत्या. माझी बायको मला त्या वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

मी सोसायटीची बैठक बोलावली. आग लागू शकते, हे मी सरळ सांगितलं. ते पॅनेल ओळीतून सोडवून टाकू म्हणालो, तर सेक्रेटरींनी सांगितलं की बाहेरच्या माणसाने हात लावला तर कंपनीची हमी जाते. कंपनीला फोन केले होते, त्यांचा माणूस येणार येणार म्हणून सांगत होता. बैठक चालू असतानाच काकू परातभर तळलेल्या पापड्या घेऊन आल्या. पाठीला बदामी डाग असलेल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. शेवटी पॅनेलवर काही ठेवू नये अशी सूचना गच्चीच्या दारावर लावायची ठरली. ती लागलीही. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याच दारावर गोधडी वाळत घातली, आणि सूचना गोधडीमागे गेली.

मी त्यांच्याशी भांडलोही. एकदा आवाज चढवून विचारलं की सर खाली बसलेले असताना काही झालं तर काय करणार आहात. त्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं, ताक दिलं आणि शांतपणे सांगितलं की त्या गच्ची सोडून कुठे जात नाहीत, सर त्यांच्या हाकेच्या अंतरावर असतात, आणि वेळ आलीच तर आधी सरांना काढतील, मग बाकीचं बघतील. त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

त्या वैशाखात जिन्यात मधूनच जळकट वास यायचा. कोणी म्हणे कुकरचं हँडल जळलं असेल, कोणी म्हणे वायरिंग जुनं आहे. मी वर जाऊन बघायचो तेव्हा बहुतेक संध्याकाळ झालेली असायची. पॅनेल गार, साडी घडी करून ठेवलेली, डबी बाहेरून धड. फक्त काचेवरचा डाग आधीपेक्षा मोठा दिसायचा. मी कंपनीच्या माणसाला पुन्हा फोन लावला. त्याने पुढच्या आठवड्यात नक्की येतो म्हणून सांगितलं.

तो रविवार होता. पानं वाढली होती. वर ठरल्याप्रमाणे टक् टक् सुरू झालं आणि पाठोपाठ काकूंचा आवाज आला, "हाणा, हाणा." मी पहिला घास घेतला. टक् टक् थांबलं नाही. सरांच्या काठीला चाल असायची, आयुष्यभराची कवायत होती त्यांच्या हातात. त्या दिवशीची काठी चाल सोडून वाजत होती, भराभर, वेडीवाकडी. काकूंचा आवाज पुन्हा आला, तसाच, मान न वळवता म्हटल्यासारखा. "हाणा, हाणा."

मी ताटावरून उठलो. दारापर्यंत पोचतो तोच वर काच फुटल्याचा आवाज झाला, आणि काठी थांबली.

मी जिन्याकडे वळणार तेवढ्यात लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन थांबली. दार आपोआप उघडलं. आत सर होते, एकटे. खुर्चीला ब्रेक लावलेला, काठी मांडीवर, केसांवर काळी काजळी. लुंगीवर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थेंब पडून भोकं पडली होती. काकूंनी त्यांना लिफ्टमध्ये ढकललं, ब्रेक लावला, आमच्या मजल्याचं बटण दाबलं आणि त्या स्वतः बाहेर राहिल्या. सरांनी काठी उचलली आणि वर रोखली. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

बायकोने सरांना बाहेर ओढलं आणि मी जिना चढलो. पुढचं मी पाहिलं नाही, नंतर जे दिसलं त्यावरून जुळवलं आहे. डबी वितळून खाली गाद्यांवर पडली असणार. मंडपाच्या कापडाने पेट घेतला होता. वाळलेल्या पापड्या साडीपासून सोडवायच्या तर साडीला मागून पाण्याचा हात फिरवावा लागतो, म्हणून काकू बादली नेहमी भरून ठेवायच्या. एक बादली त्या दिवसभर पुरवायच्या. ती त्यांनी उचलली आणि सगळीच्या सगळी पॅनेलवर ओतली. माझ्या माहितीत त्यांनी पाणी असं ओतल्याची ती एकच वेळ.

काकू सांगाड्याच्या पायाशी पडल्या होत्या. अंगाखाली पाणी, बादली आडवी. माझ्यापासून चार पावलांवर. मला जवळ जाता येत नव्हतं. ऊन डोक्यावर होतं आणि सारी ओळ आपलं काम करत होती.

कठड्यावर त्यांनी गोधड्या उन्हात घातल्या होत्या. मी त्या ओढल्या आणि टाकीतलं पाणी बघायची काठी घेऊन एकेक पॅनेलवर सरकवत गेलो. पहिलं झाकलं, दुसरं झाकलं, पुढचं झाकलं. ज्या सावलीसाठी मी त्यांच्याशी भांडलो होतो तीच मी आता सगळ्या ओळीवर पसरत होतो, कारण त्या तारा मारायचा दुसरा मार्ग नव्हता. गोधड्यांवर त्यांच्या हातचे टाके होते, वाकडे आणि घट्ट. खालून लोक आले, कोणी वाळू आणली, कोणी ओरडत होतं. ओळ अंधारली तेव्हा मी काकूंपर्यंत पोचलो. उशीर झाला होता.

त्यांचा उजवा हात पुढे पडला होता, तळवा खाली, बोटं फाकलेली. मी तो उचलून त्यांच्या अंगावर ठेवला. मला तो तसा पाहवेना.

सरांना दोन-चार चटक्यांपलीकडे काही झालं नव्हतं. त्यांना मुलगी साताऱ्याला घेऊन गेली. बिल्डिंगने ती पॅनेलं उतरवली, सांगाडा उतरवला, गाद्या फेकल्या. गच्ची आता पूर्वीसारखी मोकळी आहे. दक्षिणेकडचं सगळं ऊन तिथेच पडून असतं आणि कोणी काही वाळत घालत नाही. डब्यातल्या बदामी डागाच्या पापड्या आमच्याकडे अजून आहेत. तळायला बायकोचा हात होत नाही आणि टाकायला माझा.

गेल्या चैत्रात साताऱ्याला काम निघालं तेव्हा मी सरांना भेटायला गेलो. मुलीचं घर वरच्या मजल्यावर आहे, समोर मोठी बाल्कनी, तिथून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसतो. सर बाल्कनीत खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर ताट होतं आणि ताटात पापड मांडलेले. मुलीने आत चहा करता करता मला हळूच सांगितलं की ते पापड दुकानातले आहेत, आधीच वाळलेले. सकाळी ती ते मांडते, संध्याकाळी डब्यात भरते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मांडते. बाबा जेवतात, म्हणाली. आई गेल्यावर त्यांनी खाणंच टाकलं होतं, तेव्हा तिला हे सुचलं.

मी सरांच्या जवळ बसलो. त्यांनी मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. चांगल्या हातात तीच काठी होती, फडकं नवीन. मी आत येऊन चहा घेतला. बोलण्यात आम्ही दोघंही गच्चीचा विषय टाळत होतो.

तेवढ्यात बाहेर काठी वाजली. टक् टक्, टक् टक्. मुलगी कपात चहा ओतत होती. तिने मान वळवली नाही, हातही थांबवला नाही. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "हाणा, हाणा." आवाज तिचा नव्हता.

मी उठलो, तिला काहीही न सांगता बाल्कनीत गेलो आणि सरांच्या खुर्चीशी उभा राहून आधी वर बघितलं.

वर काहीच नव्हतं. नुसतं ऊन होतं.